लोखंड, नगरे आणि धम्म : एका आर्थिक मीमांसेची चिकित्सा

बौद्ध धम्माच्या उदयाची आर्थिक मीमांसा करणाऱ्या विद्वानांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्थान अग्रभागी आहे. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. समाज कशाने बदलतो, या प्रश्नाची ही दोन उत्तरे एकाच वर्षी पुढे आली. त्यांची परस्परांशी तुलना मात्र आपल्याकडे फारशी झालेली नाही. ती करण्याचा अल्प प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

कोसंबींचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. लोखंडी अवजारांमुळे गंगेच्या खोऱ्यातील घनदाट अरण्ये तोडणे आणि तेथील जड जमीन नांगरणे शक्य झाले. धान्याचे अतिरिक्त उत्पादन होऊ लागले, लोकसंख्या वाढली, नगरे उभी राहिली, व्यापार विस्तारला. गहपती आणि सेट्ठी हे नवे वर्ग पुढे आले. नांगराला बैल हवे होते आणि यज्ञात पशूंचा संहार होत होता. त्यामुळे यज्ञविरोधी, अहिंसाप्रधान विचाराला समाजाचा पाठिंबा मिळाला. पुढे विहारांची संपत्ती एका जागी अडकून पडली, व्यापार मंदावला, स्वयंपूर्ण खेड्यांची व्यवस्था रूढ झाली आणि विहारांचा आर्थिक आधार ढासळला.

या मीमांसेचे श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. धम्माचा इतिहास म्हणजे केवळ चमत्कारांची आणि राजाश्रयाची कथा, ही समजूत तिने मोडून काढली. नाशिकच्या लेण्यांतील एक शिलालेख तिला उत्तम पुरावा पुरवतो. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजाचा दर होता. पहिल्या ठेवीचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असा हा चोख हिशेब आहे. भिक्खूच्या अंगावरचे चीवर विणकराच्या मागाशी आणि सावकारी व्याजाशी किती घट्ट बांधलेले होते, हे यावरून कळते.

तथापि, संबंध दाखवणे आणि कारण सिद्ध करणे या भिन्न गोष्टी होत. आमचे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप पुरातत्त्वाचा आहे. लोखंड आणि नगरे यांतील कार्यकारणभावाविषयी अमलानंद घोष यांनी १९७३ मध्येच शंका घेतली होती. केवळ अवजारांमुळे अतिरिक्त उत्पादन होत नाही; ते काढून घेणारी आणि वाटणारी सामाजिक-राजकीय व्यवस्था आधी असावी लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे उत्तर प्रदेशातील मल्हार आणि राजा नल का टीला येथील उत्खननांत लोखंडाचे पुरावे मिळाले. त्यांचा काळ इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धापर्यंत मागे जातो. म्हणजे मध्य गंगेच्या प्रदेशाला लोखंड ठाऊक झाल्यानंतर नगरे उभी राहण्यास कित्येक शतके लागली. कोसंबी लिहीत होते तेव्हा हे पुरावे उपलब्ध नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. त्यांचे सूत्र आजही जसेच्या तसे शिकवणाऱ्यांना मात्र तो द्यावा लागेल.

दुसरा आक्षेप पालि वाङ्मयातून उद्भवतो. अर्थ, आचार आणि समाज यांच्या संबंधाविषयी सुत्तांचा स्वतःचा असा विचार आहे. आर्थिक मीमांसकांनी त्यातून उदाहरणे वेचली, पण तो विचार म्हणून फारसा तपासला नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात पुरोहित महाविजित राजाला सांगतो की, दंड करून वा देहान्त शासन करून चोर संपणार नाहीत. शेती व गोरक्षण करणाऱ्यांना बी-बियाणे आणि अन्न द्यावे, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना वेतन द्यावे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, तेव्हा दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य वाढते. ऐंशी हजार वर्षांचे आयुर्मान घटत घटत दहा वर्षांवर येते. येथे दारिद्र्याचे महत्त्व कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापेक्षा कमी मानलेले नाही. परंतु साखळीची पहिली कडी दारिद्र्याच्याही आधीची आहे : राजाचा कर्तव्यभंग. आणि साखळी उलटी फिरते ती सर्वनाशातून वाचलेली माणसे हत्या न करण्याचा निश्चय करतात तेव्हा. त्यानंतरच आयुर्मान वाढते आणि जंबुद्वीप पुन्हा दाट वस्तीचे होते.

तिसरा आक्षेप लोकसंख्येविषयी आहे. कोसंबींच्या मांडणीत ती उत्पादनाच्या मागोमाग वाढत जाते. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात एक ब्राह्मण तथागतांना विचारतो की, पूर्वी गावे इतकी दाट होती, मग आता माणसे कमी का झाली, गावांची गावे ओस का पडली? तथागतांच्या उत्तरात अधर्म्य आसक्ती, विषम लोभ आणि मिथ्या आचार यांनी ग्रासलेली माणसे शस्त्रे उचलतात. पाऊस नीट पडत नाही, दुष्काळ येतो. उत्तरात यक्षही आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. सुत्त म्हणजे जनगणनेचा अहवाल नव्हे. तरीही युद्ध, दुष्काळ आणि लोभ यांनी वस्त्या उजाड होतात, हे कारण नांगर आणि धान्य यांच्या सूत्रात बसत नाही.

बाबासाहेबांची अर्थदृष्टी याच वळणाची आहे, असे आम्हांस वाटते. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या लहान शेतजमिनींविषयीच्या आपल्या निबंधात त्यांनी जमिनीचे केवळ क्षेत्रफळ मोजणे नाकारले. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्पर प्रमाण पाहावे, आणि शेतीवर पडलेल्या निरुद्योगी मनुष्यबळासाठी औद्योगिकीकरण करावे, असा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथील भाषणात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी दारिद्र्याचा प्रश्न गौण मानला नाही; मतभेद मार्गाविषयी होता.

आता आपल्याच समाजाचे उदाहरण घेऊ. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे १ लाख ८१ हजार बौद्ध होते; १९६१ मध्ये ते सुमारे ३२ लाख ५० हजार झाले. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे अडीच हजारांवरून सुमारे २७ लाख ९० हजारांवर गेली. जन्म, मृत्यू वा स्थलांतर यांच्या कोणत्याही गणिताने हा बदल होत नाही. तो निर्णयाने झाला. पण निर्णयामागची भूमी आधी तयार होत होती, हेही तितकेच खरे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १९२८ सालीच विधेयक मांडले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये आणि सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये निघाले. गावकीच्या कामातून गिरणीत, रेल्वेत आणि गोदीत आलेल्या पिढ्यांच्या हातात रोख मजुरी होती. हे नसते तर निर्णय टिकला असता का, हे विचारणे अप्रस्तुत नाही. मात्र गिरणीत मजुरी करणारे इतर समाजही होते. त्यांनी तो निर्णय घेतला नाही.

म्हणून आमची टीका एकाच बाजूवर नाही. धर्मांतर म्हणजे आर्थिक कोंडीची निव्वळ प्रतिक्रिया, असे म्हणणारे विद्वान जसे अपुरे आहेत, तसेच सारे काही केवळ दीक्षेनेच घडले असे सांगणारे आपले वक्तेही अपुरे आहेत. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता सुमारे ८१ टक्के, तर देशाची ७३ टक्के नोंदली गेली. या आकड्याचे श्रेय धम्माला देताना वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, आरक्षण आणि शहरांकडे झालेले स्थलांतर यांचा हिशेब सोडला, तर आपणही एकाच कारणाचे उपासक ठरू. पटिच्चसमुप्पाद शिकवणाऱ्या परंपरेला हे शोभणारे नाही. तेथे एक प्रत्यय दुसऱ्याला आधार देतो. कोणताही एकटा पुरेसा नसतो.

कोसंबींचा ग्रंथ आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांत वाचला जावा, अशी आमची शिफारस आहे. वाचताना शेजारी दीघनिकाय उघडा असावा. लेण्यांतील दानलेखांत सेट्ठींप्रमाणे सुतार, माळी आणि भिक्खुणीही दाते म्हणून येतात. त्यांच्याजवळ देण्याजोगे धन कोठून आले, हे कोसंबी समजावून सांगतात. ते धन त्यांनी संघालाच का दिले, हा प्रश्न उरतो. तो सोडविण्याचे काम पालिच्या अभ्यासकांनी करावयाचे आहे.