अपूर्णब्रह्माचे भाषांतर

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाचा भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ साली 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने प्रसिद्ध झाला. मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातील वाचकाला त्यातील ताट फारसे परके वाटणार नाही. आमचा प्रश्न ताटाचा नाही, शीर्षकाचा आहे.

मराठी शीर्षकात 'दलित' हा शब्दच नाही. खानावळींच्या भिंतींवर मिरवणाऱ्या 'पूर्णब्रह्म' या शब्दाला लेखकाने एक 'अ' जोडला आणि ज्यांची चूल पाकशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच आली, त्यांच्या वतीने मराठी वाचकालाच जाब विचारला. इंग्रजी वाचकाच्या कानी ते वचन कधी पडलेले नसते. म्हणून तेथे जात आणि प्रांत उघडपणे सांगावे लागले. यात अनुवादकाचा दोष नाही. 'येसूर' हा मसाला टीप देऊन समजावता येतो. त्या 'अ'ची बोच टीपेत मावत नाही. मराठीत जो जाब होता, त्याची इंग्रजीत माहिती होते.

पुस्तक दूरवर पोहोचले, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु जाब ज्यांना विचारला आहे ते आपण आहोत, आणि आपण तो मूळ मराठीतच वाचावयास हवा.