‘डिब्ज’ आणि क्रीडोपचार : स्वीकार की सिद्धता?

प्रस्तावना :
बालकाचे मन जाणून घ्यावयाचे असेल तर त्याच्या बोलण्याइतकेच त्याच्या खेळाकडेही पाहावे लागते, हा विचार आज बालमानसशास्त्रात रूढ झालेला आहे. त्याला पद्धतीचे रूप देणाऱ्यांमध्ये व्हर्जिनिया ॲक्सलाईन या अमेरिकन विदुषीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. कार्ल रॉजर्स यांची अनिर्देशक समुपदेशनाची भूमिका त्यांनी बालकाच्या खेळघरात आणली. ‘प्ले थेरपी’ (१९४७) या ग्रंथात त्यांनी या पद्धतीची आठ तत्त्वे मांडली आणि ‘डिब्ज : इन सर्च ऑफ सेल्फ’ (१९६४) या पुस्तकात एका मुलाच्या कहाणीतून ती सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या पुस्तकाचा चिकित्सक विचार करावयाचा आहे.

पुस्तकाचे सामर्थ्य :
डिब्ज हा पाच वर्षांचा मुलगा शाळेत टेबलाखाली दडून बसतो, कोणाशी बोलत नाही, जवळ येणाऱ्यावर नखे उगारतो. तो मतिमंद आहे की भावनिकदृष्ट्या दुखावलेला, हे शिक्षकांना उमगत नाही. वडील शास्त्रज्ञ, आई शल्यचिकित्सक. घरात सुबत्ता आहे, परंतु जिव्हाळा नाही. दर गुरुवारी एक तास तो खेळघरात येतो. तेथे वाळू, बाहुलीघर, रंग व दुधाची बाटली असते आणि काहीही न लादणारी एक प्रौढ व्यक्ती असते.

ॲक्सलाईन त्याचे कौतुक करीत नाहीत, की त्याला प्रश्न विचारून हैराणही करीत नाहीत. त्याने व्यक्त केलेली भावना त्या केवळ त्याच्यापुढे शब्दांत ठेवतात. बंद दारांविषयीची त्याची भीती, वडिलांच्या जागी असलेल्या खेळण्यावर त्याने काढलेला राग, यांपैकी कशालाही त्या वाईट ठरवीत नाहीत. मात्र तास संपला की घरी जावेच लागते. मोकळीक आणि मर्यादा यांचा हा तोल हे पुस्तकाचे खरे सामर्थ्य होय. ‘रडू नकोस, शहाणा ना तू’ असे म्हणून मुलाची भावनाच नाकारणाऱ्या पालकांनी व शिक्षकांनी हा भाग आवर्जून वाचावा असा आहे.

अंतर्विरोध :
तथापि या पुस्तकात एक गंभीर अंतर्विरोध आहे. डिब्जची आई पुढे ॲक्सलाईन यांच्यापाशी मन मोकळे करते. मुलगा मंद नाही हे सिद्ध व्हावे म्हणून आपण त्याची सतत परीक्षा घेत राहिलो, अशी कबुली ती देते. मुलाला सिद्ध करावयास लावणे हाच येथे रोग ठरतो आणि विनाअट स्वीकार हा उपचार. असे असताना पुस्तकाची सांगता कशाने होते? बुद्धिमापन चाचणीने! डिब्जचा बुद्ध्यंक १६८ भरतो आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. म्हणजे जी चूक आईने केली, तीच पुस्तक अखेरीस स्वतः करते. मानसशास्त्राच्या वर्गात या पुस्तकाची चर्चा झाली की विद्यार्थ्यांच्या लक्षात हा आकडाच राहतो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. समजा, हा बुद्ध्यंक ७० भरला असता, तर ते गुरुवार व्यर्थ ठरले असते काय? या प्रश्नाचे उत्तर पुस्तक देत नाही.

दुसरा आक्षेप मातेविषयीचा आहे. पुस्तकाने डिब्जला कोणतेही निश्चित निदान चिकटविलेले नाही, हे योग्यच आहे. परंतु त्याच्या स्थितीचे मूळ पालकांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणात शोधले आहे. त्याच काळात, १९६७ मध्ये, ब्रुनो बेटेलहाइम यांनी स्वमग्नतेचा दोषही मातांच्या माथी मारला. ती उपपत्ती आज त्याज्य ठरली आहे. स्वमग्नतेत आनुवंशिक व मज्जाविकासविषयक घटक महत्त्वाचे असतात, हे मान्य झाले आहे. म्हणून अबोल मूल दिसताच त्याला ‘डिब्ज’ समजणे धोक्याचे आहे. अशा मुलाची श्रवणतपासणी, वाचा-भाषा तपासणी व विकासात्मक तपासणी होणे अगत्याचे असते. क्रीडोपचार त्याला पूरक ठरेल, पर्याय नव्हे.

आपला संदर्भ :
एक मूल, एक तज्ज्ञ आणि एक सुसज्ज खोली ही व्यवस्था आपल्याकडे फार थोड्यांना परवडणारी आहे. येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे स्मरण होते. १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे त्यांनी खेळ वस्तीच्या अंगणात नेला. त्यांचे कार्य उपचाराचे नव्हते, शिक्षणाचे होते, हा भेद विसरता येणार नाही. परंतु मुलाच्या गतीने चालण्याचे तत्त्व बंद खोलीबाहेरही टिकते, हे त्या कार्याने दाखवून दिले.

समारोप :
‘डिब्ज’ हे पुस्तक अभ्यासक्रमात असावे. मात्र त्यातील चमत्काराने दिपून न जाता ते शिकविले जावे. मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे ते ते हुशार निघेल म्हणून नव्हे, तर ते मूल आहे म्हणून. ॲक्सलाईन यांच्या आठ तत्त्वांचा हाच मथितार्थ आहे आणि त्यांच्याच पुस्तकाच्या शेवटापेक्षा तो अधिक मोलाचा आहे.