'द गाईड'मधील मान्यतेची भूक

भालचंद्र नेमाडे यांनी साठोत्तरी काळात 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' असा प्रश्न उपस्थित केला. लेखनापेक्षा लेखकपणाची प्रतिष्ठा मोठी होऊ लागली, हा त्यामागील नैतिक आक्षेप होता. पुढे ही संज्ञा मराठी समीक्षेत इतकी रुळली की मान्यतेची इच्छा हीच आत्मरतीची खूण समजली जाऊ लागली. या समीकरणाची फेरतपासणी करण्यास म्हैसूरनिवासी आर. के. नारायण यांची 'द गाईड' (१९५८) ही इंग्रजी कादंबरी उपयुक्त ठरते.

कादंबरीतील रोझी देवदासी परंपरेत जन्मलेली, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली नर्तकी आहे. तिचा पती मार्को तिच्या नृत्याला कसरतीपलीकडे किंमत देत नाही. तिला दाद हवी आहे. ती ते लपवीतही नाही. परंतु प्रेक्षक मिळण्यापूर्वीच राजूच्या लहानशा घरात ती तासन्‌तास साधना करते. तिची भूक नृत्यातून निर्माण होते आणि नृत्याकडेच परतते.

राजूचे तसे नाही. रोझीची 'नलिनी' झाल्यावर तो प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत मध्यभागी बसतो आणि आपल्या इशाऱ्याविना पडदा उघडत नाही असा देखावा उभा करतो. राजू मुळी कलावंतच नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. पण मुद्दा नेमका तोच आहे : आत्मरतीला स्वतःची कला लागत नाही, दुसऱ्याची पुरते. मार्कोच्या ग्रंथात राजूचे नामनिर्देशपूर्वक आभार मानलेले आहेत. तरीही तो ग्रंथ राजू नलिनीपासून दडवून ठेवतो. म्हणजे त्याला मान्यतेहूनही ताबा अधिक प्रिय आहे. पुढे तो तिची खोटी सही करतो, ही याच वृत्तीची तर्कसंगत परिणती होय. तो तुरुंगात गेल्यावरही नलिनीचे कार्यक्रम त्याच्यावाचून सुरूच राहतात.

सुटकेनंतर लोक राजूला साधू समजतात आणि पावसासाठी उपोषण त्याच्या गळ्यात पडते. अवर्षणाच्या काळात म्हैसूरमध्ये झालेल्या पर्जन्यप्रार्थनेतून हे बीज सुचल्याचे नारायण यांनी 'माय डेज' (१९७४) या आत्मकथनात सांगितले आहे. उपोषणाच्या अखेरीस राजूभोवती अफाट गर्दी आहे, कॅमेरेही आहेत. तरीही स्वतःचा लाभ नसलेल्या कृतीत पूर्णपणे उतरण्याचा अनुभव त्याला प्रथमच येतो. सर्वाधिक डोळे रोखलेले असतानाच तो स्वतःकडे पाहणे थांबवतो. तेव्हा प्रेक्षकांचे अस्तित्व हा दोष ठरत नाही. अर्थात, पाऊस खरोखर आला की नाही हे नारायण मोघम ठेवतात. त्याच्या त्यागावर बाहेरून शिक्का मारण्याचे ते टाळतात.

'द गाईड'ला १९६० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 'लेखकराव'विषयक लेख ज्यात समाविष्ट आहे त्या 'टीकास्वयंवर'लाही १९९१ मध्ये तोच सन्मान मिळाला आणि नेमाडे यांना २०१४ चा ज्ञानपीठ. यात विसंगती शोधणे सोपे, पण उथळ आहे. सन्मान स्वीकारल्याने कोणी लेखकराव होत नाही. सन्मानानंतर तो रोझीप्रमाणे साधनेकडे परततो की राजूप्रमाणे पहिल्या रांगेतील आसन सांभाळत बसतो, हे पाहावे लागते. आणि ते लेखकाच्या चरित्रापेक्षा त्याच्या पुढील लेखनातच अधिक विश्वासार्हपणे दिसते.