शाल, श्रीफळ आणि मारिओ

माणसाने निवृत्त कधी व्हावं या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे सरकारनेच लावून टाकला आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत बहुतेकांसाठी तो आकडा ५८. त्या संध्याकाळी शाल, श्रीफळ, वेफर्सची बशी आणि तीस वर्षांत एकदाही चांगलं न बोललेल्या साहेबाचं गहिवरलेलं भाषण एवढं पदरात घेऊन माणूस रिक्षात बसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून फोडणीत मोहरी किती घालावी याबद्दल बायकोला मार्गदर्शन करू लागतो. खरी पंचाईत कलावंतांची. गवयाला कोणी 'तंबोरा स्टोअरमध्ये जमा करा आणि पावती घ्या' असं सांगत नाही. त्यामुळे तो गात राहतो, आणि आपण पहिल्या रांगेत पासावर बसून शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो, 'आता थांबायला हवं हो बुवांनी.'

ही कुजबुज गेली कित्येक वर्षं जपानमधल्या क्योतो शहरातल्या एका गृहस्थांबद्दल चालू आहे. शिगेरू मियामोतो त्यांचं नाव. जन्म १९५२चा, निन्टेन्डो कंपनीत नोकरी १९७७पासून, आणि काम व्हिडिओ गेम बनवण्याचं. नाव ओळखीचं वाटत नसेल तर घरातल्या चाळिशीच्या मुलाला विचारा. १९९० नंतर आपल्याकडे टीव्हीला जोडायचा एक प्लॅस्टिकचा डबा आला होता. त्यात कॅसेट खुपसायची, चालली नाही तर उपसून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. कॅसेटवर ऐटीत '९९९ खेळ' असं छापलेलं असे आणि आत मोजून सात निघत. बाकीचे म्हणजे तेच सात, नावं बदलून. त्या सातांत एक मिशाळ, टोपीवाला, ढेरपोट्या प्लंबर उड्या मारत धावायचा. तो मारिओ. डबे बहुतेक नकली असल्यामुळे त्याच्या जन्मदात्याला आपल्याकडून छदामही पोचला नसणार. पण दहावीच्या मार्कांचं जे नुकसान झालं, त्याचं पूर्ण श्रेय मात्र त्यांचंच आहे.

मियामोतोंना नोकरी वशिल्याने लागली हे वाचलं आणि मला ते एकदम आपले वाटू लागले. वडिलांच्या ओळखीतून कंपनीचे सर्वेसर्वा यामाउची यांची भेट ठरली. यामाउचींना हवे होते इंजिनियर, आणि समोर कलाशाळेतून बाहेर पडलेला मुलगा. जवळ काय, तर लहान मुलांसाठी बनवलेले प्राण्यांच्या आकाराचे लाकडी हँगर! तरी ठेवून घेतला. (मुळात ही कंपनी १८८९ साली पत्ते बनवण्यासाठी निघालेली. पत्त्यांच्या धंद्यातल्या माणसाला हुकमाचं पान ओळखता येत असावं.) पुढे अमेरिकेत कंपनीची सुमारे दोन हजार यंत्रं न विकली जाता पडून राहिली. त्यांच्या पोटात भरायला काहीतरी नवं हवं होतं, ते काम या पोराच्या गळ्यात पडलं आणि १९८१ साली 'डाँकी काँग' निघाला. त्यातला नायक म्हणजे पडद्यावरचे मोजके ठिपके. त्यात तोंड काढता येईना, म्हणून नाकाखाली मिशी लावली. केस हलताना दाखवता येईनात, म्हणून टोपी घातली. जगातली एक अत्यंत प्रसिद्ध मिशी अशी निव्वळ अडचणीपोटी उगवलेली आहे.

१९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' मी एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, पुतण्याच्या घरी सावकाशीने खेळलो. वयाची भीड सोडून सांगतो, त्याचं पहिलं अर्धं मिनिट म्हणजे शिकवण्याचा नमुना आहे. सूचना नाहीत, माहितीपत्रक नाही. समोरून एक चिडका भुईछत्रीसारखा प्राणी चालत येतो. उडी मारली नाहीत तर मेलात. पुन्हा सुरू करता, उडी मारता, आणि तिथे वरच टांगलेल्या खोक्यावर डोकं आपटून आतून काहीतरी चांगलं निघतं. झालं शिक्षण. पुतण्याची पाच वर्षांची मुलगी आणि मी एकाच वर्गात होतो; ती पहिली आली. त्यातली खरी गंमत अशी की, खड्ड्यात पडलं तर दोष आपला असतो. खेळाला नावं ठेवायला जागाच नसते, म्हणून पुन्हा खेळावंसं वाटतं. पुढे १९८६चा 'झेल्डा' आला, १९९६ला 'सुपर मारिओ ६४'मध्ये एका रेषेत धावणारा प्लंबर मैदानात चहूकडे हुंदडू लागला. या धंद्यात आज जे कोणी उडी मारतात, ते थोडेफार मियामोतोंच्या उडीवर मारतात.

मग तक्रार काय आहे?

तक्रारी आहेत, आणि त्या साध्या नाहीत. २००८चा 'वी म्युझिक' घ्या. हातातला दांडा हलवायचा, म्हणजे वाद्य वाजतं. कसाही हलवा, चूक सूर लागतच नाही! मी पाच मिनिटांत सॅक्सोफोनपटू झालो आणि सहाव्या मिनिटाला कंटाळलो. खड्ड्याशिवाय उडीला अर्थ नाही हे ज्यांनी सगळ्या जगाला शिकवलं, त्यांनीच असा खड्डे बुजवलेला खेळ काढावा? २०१६चा 'स्टार फॉक्स झिरो' दुसऱ्या टोकाचा. विमान टीव्हीवर दिसतं आणि नेम धरायचा हातातल्या छोट्या पडद्यावर. बायफोकल चष्म्याने जिना उतरण्याचा सराव ज्यांना आहे त्यांनाच हा प्रकार कळेल. मला कळला, पण म्हणून आवडला असं नाही. कंपनीने दोन पडद्यांचं यंत्र काढलं होतं, आणि दोन पडदे आहेत तर ते दोन्ही वापरलेच पाहिजेत असा आग्रह त्यात उघड दिसतो. लग्नात मिळालेलं टोस्टर कपाटात आहे म्हणून रोज टोस्ट खायला लावणारी माणसं आपल्या माहितीत असतातच.

पण माझ्या मते खरी गंभीर तक्रार २०१२च्या 'पेपर मारिओ : स्टिकर स्टार'ची. ही मालिका गाजली ती तिच्यातल्या तऱ्हेवाईक पात्रांसाठी आणि गोष्टीसाठी. मियामोतोंनी तरुण मंडळींना सांगितलं, गोष्टीची खरंच गरज आहे का? आणि पात्रं शक्यतो नेहमीच्या मारिओमधलीच घ्या. मंडळींनी मान तुकवली. खेळ निघाला तो कागदासारखाच पातळ. गोष्टीने ठासून भरलेला २००४चा जुना खेळ २०२४ साली नव्या रूपात पुन्हा काढला, तेव्हा लोक त्यावर तुटून पडले. यावरून काय ते समजावं.

निन्टेन्डोत मियामोतोंच्या या सवयीला नावच आहे. जपानी घरात जेवायला बुटकं टेबल असतं. एका जुन्या चित्रकथेतला तापट बाप ते वाढलेल्या ताटांसकट उलथून टाकतो. मियामोतो तसे तापट नाहीत, हसतमुख आहेत. पण महिनोन्‌महिने खपून वाढलेलं ताट पाहून 'हे असं नको' म्हणतात, आणि टेबल उलथतं. त्यामुळे कितीतरी खेळ सुधारले हे कोणीही मान्य करील. फरक एवढाच, की तिशीत ते स्वतःचं ताट उलथत होते. आता दुसऱ्यांचं उलथतात.

इथे ५८ वाले लोक टाळी वाजवतील. पण हिशोब नीट मांडा. शासकीय नियमाने मियामोतो नोव्हेंबर २०१०ला निवृत्त झाले असते. म्हणजे 'वी म्युझिक'चा गुन्हा सेवेत असतानाच घडला. उलट २०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची हकीकत बघा. अख्खं राज्य उभं करून मंडळींनी कच्चा खेळ त्यांच्यापुढे ठेवला. सगळे घाम पुसत उभे. आणि साठी उलटलेले हे गृहस्थ ना लढाईकडे गेले ना राजवाड्याकडे. सुमारे तासभर झाडांवर चढत आणि उतरत राहिले. मंडळी काय समजायचं ते समजली, की झाडावर चढण्यातच मजा असेल तर बाकीचं राज्य उभं राहील. क्योतोजवळच्या सोनोबे गावी लहानपणी डोंगरात आणि गुहेत भटकलेल्या मुलाने दिलेला हा शेरा होता. कुठल्याही साहेबाला तो देता आला नसता.

गंमत म्हणजे हे सगळं मियामोतोंना आपल्या आधी उमगलं होतं. डिसेंबर २०११मध्ये एका अमेरिकन मासिकाला त्यांनी सांगितलं, की सध्याच्या पदावरून बाजूला व्हावं, तरुण पोरांबरोबर बसावं आणि काहीतरी लहानसं स्वतः करावं असं मनात आहे. बातमी फुटली, टोकियोत कंपनीचा शेअर घसरला, आणि कंपनीने घाईघाईने खुलासा केला, की छे छे, तसं काही नाही! बढतीचा अर्ज नामंजूर झालेले शेकडो लोक मी पाहिले आहेत. पण पायरी उतरण्याचा अर्ज शेअरबाजाराने फेटाळलेला माणूस हा एकच. पुढे २०१५मध्ये कंपनीचे अध्यक्ष इवाता वारले, आणि त्यानंतरच्या फेरबदलात मियामोतोंना 'क्रिएटिव्ह फेलो' असं भारदस्त पद मिळालं. म्हणजे टेबल उलथण्याचा अधिकार लेखी झाला. २०२३च्या मारिओ सिनेमाचे ते एक निर्माते होते. समीक्षकांनी नाकं मुरडली, पोरांनी थेटरं भरली, शंभर कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमला. असा गल्ला जमवणाऱ्या माणसाच्या हातात कुठली कंपनी श्रीफळ देईल?

तेव्हा निवृत्त व्हा असं म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि तशी गरजही नाही. मध्यंतरी ते एका इंग्रजी वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाले होते, की निवृत्तीपेक्षा आपण कोसळू त्या दिवसाचा विचार येतो, आणि कोणाकडे काय सोपवायचं तेही बघावं लागतं. सोपवायचं असेल तर सगळ्यात आधी तो नकाराधिकार सोपवावा. 'गोष्ट कशाला हवी' हे त्यांनी जरूर विचारावं. पण 'हवी' असं उत्तर देऊन पोराला आपल्या जागी परत जाता यावं. आणि २०११चा तो अर्ज कुठल्यातरी फायलीत अजून असेलच. तो शोधून मंजूर करावा. एक लहान खोली, दोन-तीन तरुण पोरं, वर्षभराचा वेळ आणि एक छोटासा खेळ, ज्यात पडलो तर दोष माझा असेल. खोलीत ते बुटकं टेबलही असावं, नाहीतर करमायचं नाही. फक्त त्यावर पहिलं ताट त्यांनी स्वतः वाढलेलं असावं.