प्रतिमा कोणाची?

जॉन विंडहॅम या इंग्रज लेखकाची 'द क्रिसॅलिड्स' ही कादंबरी १९५५ साली, हिरोशिमाच्या संहारानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. विज्ञानकथा म्हणून तिची गणना होते. आम्हांस मात्र ती एका धर्मशास्त्रीय प्रश्नाची कादंबरी वाटते. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडविले, ही उत्पत्तीच्या पुस्तकातील शिकवण माणसांनी मोजपट्टीसारखी हाती धरली, तर काय होईल, हा तो प्रश्न होय.

कथा घडते कॅनडातील लॅब्राडॉरमध्ये, महासंहारानंतर शेकडो वर्षांनी. वॅकनुक या वस्तीत विपरीत पीक उगवले तर ते जाळतात, विपरीत वासरू जन्मले तर ते मारतात. आणि माणसाच्या पोटी तसे मूल आले, तर त्याला निर्बीज करून सीमेवरील रानात हाकलतात. निरीक्षकाने दाखला दिल्याखेरीज तान्हे बाळ माणूस ठरत नाही. पट्टी बांधताना आणखी एक हात असता तर बरे झाले असते, असे छोटा डेव्हिड सहज बोलून जातो आणि त्याचे वडील, धर्मनिष्ठ जोसेफ स्ट्रॉर्म, संतापाने पेटून उठतात. अशा घरात वाढणाऱ्या डेव्हिडला सोफी नावाची मैत्रीण मिळते. तिच्या पायाला सहा बोटे आहेत, एवढाच तिचा अपराध. पुढे डेव्हिडला उमगते की, शब्दांवाचून इतरांच्या मनाशी बोलणारे आपणही 'वेगळे'च आहोत. आपले वेगळेपण डोळ्यांना दिसत नाही, इतकेच.

कादंबरीतील सर्वांत हृदयद्रावक पात्र आमच्या मते हॅरिएट मावशीचे. बाळाच्या अंगावरील क्षुल्लक खुणेमुळे दाखला मिळणार नाही, या भयाने ती बहिणीकडे तिचे बाळ तात्पुरते बदली म्हणून मागावयास येते आणि रिक्त हस्ताने परतते. पापक्षमेसाठी प्रार्थना कर, असे तिला बजावले जाते. तेव्हा, आपण क्षमा नव्हे, तर या जगात थोडी करुणा यावी एवढेच मागू, असे ती सांगते. नंतर नदीत तिचे प्रेत सापडते. त्या घरात ख्रिस्ताचे नाव सर्वांच्या ओठी आहे. पण त्याचे मन एकटीलाच कळले आहे.

येथवर लेखक आपल्याला सहज पटतो. खरी कसोटी लागते ती शेवटी. दूरच्या सीलंडहून आलेली, मनाने संवाद साधणारी एक स्त्री डेव्हिड, रोझॅलिंड आणि छोटी पेट्रा यांची सुटका करते. परंतु ती करताना चिकट तंतूंचा वर्षाव करून पाठलाग करणाऱ्यांना आणि रानातील बहिष्कृतांनाही गुदमरवून मारते. जुन्या मानवजातीचा काळ संपला आहे, श्रेष्ठ जातीने तिची जागा घ्यावी हा निसर्गनियमच आहे, असे तिचे समर्थन. वॅकनुकच्या उपदेशकाचीच ही भाषा नव्हे काय? केवळ देवाच्या जागी उत्क्रांती आली.

लेखकाने या युक्तिवादाला पुरेसे उत्तर दिलेले नाही, किंबहुना त्याची सहानुभूती तिकडेच झुकते, असे आम्हांस वाटते. हा कादंबरीचा दोष आहे. तरीही त्याच शेवटात मायकेल आहे. मागे राहिलेल्या रेचेलला एकटी न सोडता तिला घेऊन येण्याचे तो ठरवतो. सुरक्षित नगरी त्याच्यासाठी थांबू शकते. कादंबरीने न दिलेले उत्तर त्याच्या कृतीत आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे? येशू तो प्रश्नच नाकारतो. ही कादंबरी वाचून झाल्यावर जोसेफ स्ट्रॉर्मला दोष देणे सोपे आहे. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात तोच प्रश्न आपण कितीदा विचारतो, हे तपासणे अवघड. त्यासाठी तरी ती वाचावी.