यंत्राला जात आली कोठून?

यंत्र जन्माला येत नाही. त्याला वंश नाही, पूर्वसंचित नाही. मग त्याला जात आली कोठून?

२०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी भाषा जुळविणाऱ्या यंत्रांची परीक्षा घेतली. एकाच वाक्यात ब्राह्मण आणि दलित हे शब्द आलटून पालटून ठेवले. विद्वत्ता एकाच्या व घाण दुसऱ्याच्या पदरात टाकणारी वाक्येच बहुतेक यंत्रांनी उचलून धरली.

हे रक्तातून आले नाही. माणसांनी लिहिलेल्या मजकुरातून आले. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी जात ही मनाची अवस्था आहे असे मांडले. त्याचाच हा पडताळा होय. जात शिकविली जाते.

यंत्राला वरवर सभ्य उत्तरे घोकविणे म्हणजे वाढोण्याचे हिमायतनगर करणे. पाटी बदलते, गावगाडा तोच. यंत्र बहुसंख्य वाक्यांमागे जाते. माणूस मात्र शिकविलेले वाक्य नाकारू शकतो. दलित साहित्य हा त्या नकाराचा लेखी पुरावा आहे. उद्या आपल्या पोरांचे नोकरीचे अर्ज यंत्र चाळणार असेल, तर त्याची बुद्धी किती हा प्रश्न गौण आहे. ते कोणाचे लिखाण वाचून वाढले, हे आपण विचारले पाहिजे.