मांजा कोणाच्या हाती, फिरकी कोणाच्या?

खालिद हुसैनी यांच्या 'द काइट रनर' (२००३) या कादंबरीतील पतंग, गलोल आणि डाळिंबाचे झाड ही मैत्रीची प्रतीके आहेत, असे सहज म्हटले जाते. आम्हांला एकच विचारावेसे वाटते : या वस्तूंवर हक्क कोणाचा?

अमीर पश्तून, सुन्नी, मालकाचा मुलगा. हसन हजारा, शिया, नोकराघरचा. १९७५ च्या हिवाळ्यात काबूलमधल्या पतंगांच्या स्पर्धेत मांजा अमीरच्या हाती आहे आणि फिरकी हसनच्या. कापलेला शेवटचा निळा पतंग आणायला हसन धावतो. गल्लीत आसेफ तोच पतंग मागतो, हसन नाकारतो आणि त्याची किंमत स्वतःच्या शरीराने मोजतो. अमीर आडोशाने पाहतो व पळून जातो. पुढे याच पतंगावर त्याला बापाची शाबासकी मिळते.

डाळिंबाच्या खोडावर नावे दोघांची आहेत, पण ती कोरणारा हात अमीरचाच. हसनला अक्षर शिकवायचे कोणाच्या मनातही आलेले नाही. त्याच झाडाखाली अमीर त्याला शाहनामा वाचून दाखवतो, आणि एखादा शब्द अडला की खोटा अर्थ सांगून मनात हसतो.

पण आमच्या मते खरी बोलकी वस्तू म्हणजे घड्याळ. तेराव्या वाढदिवसाला हसन आणि अली पदरमोड करून अमीरला नवा शाहनामा देतात. त्यांच्यावर चोरीचा आळ यावा म्हणून अमीर हसनच्या गादीखाली आपले घड्याळ आणि पैसे ठेवतो. हसन न केलेली चोरी कबूल करतो. घरात चोर कोण ठरणार, हे घड्याळ ठेवण्याआधीच ठरलेले असते! अश्रफ आणि अजलाफ हे शब्द ज्या समाजात अजून जिवंत आहेत, तिथल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. एका सफेत उभे राहणाऱ्यांच्या घरी पेले वेगळे असू शकतात.

गलोलीचे मात्र हुसैनींनी फार सोपे करून टाकले आहे. हसनने लहानपणी आसेफच्या डाव्या डोळ्यावर धरलेला नेम अठ्ठावीसएक वर्षांनी त्याचा मुलगा सोहराब नेमका त्याच डोळ्यावर साधतो, हे हिंदी सिनेमाला शोभले असते.

कॅलिफोर्नियातल्या शेवटच्या प्रसंगात असा हट्ट नाही. काबूलहून आणलेला सोहराब महिनोन्‌महिने मुका आहे, पतंग कापला जातो आणि या वेळी धावतो तो अमीर. सोहराब हसतो, तेही ओठांच्या एकाच कोपऱ्यातून.